छतावरच्या बंबाची बाजू

घरी सोलर हीटर बनवणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणं, असं मत छत्रपती संभाजीनगरात आता शिकलेली, विचार करणारी माणसंही ठामपणे मांडू लागली आहेत. त्यांचं म्हणणं असं: पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावर विजेचे पॅनल बसवा, ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळतं, त्या विजेवर गिझर चालवा. ते जमत नसेल तर बाजारातला काचनळ्यांचा तयार हीटर आणा. तांब्याच्या नळ्या, काळा रंग, काच आणि पत्र्याची पेटी जमवून बसलेला माणूस त्यांच्या लेखी हौशी किंवा चिकट. शिवाय असलं घरगुती काम धोक्याचं आणि टिकणारं नाही, असंही ते बजावतात. मला हे मत मान्य नाही. या शहराचं ऊन, इथलं पाणी आणि इथले कारागीर या तिन्हींचा विचार केला, तर पंपाविना, विजेविना चालणारा आणि गल्लीतल्या फिटरच्या मदतीने घरी उभा केलेला सौर बंब हाच अनेक घरांसाठी सगळ्यात शहाणा पर्याय ठरतो.

कोणत्या घरांसाठी, तेही सांगतो. फुलंब्री, कन्नड, खुलताबादच्या वाटेवरच्या शेतवस्त्या, जिथे वीज असते पण तिच्या भरवशावर दोन किलोवॉटचा गिझर लावता येत नाही. शहराच्या कडेला वाढत गेलेली प्लॉटिंगची घरं, जिथे एक खोली आधी बांधली जाते आणि बाकीचं पैसे येतील तसं. छत आपलं आहे पण कर्ज काढून पॅनल बसवण्याची ऐपत नाही, अशी असंख्य कुटुंबं. पॅनल लावा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सिडकोतला स्वतंत्र बंगला असतो. तो सल्ला त्या बंगल्यापुरता ठीक आहे.

आधी आकडे बघू. चौघांच्या घराला थंडीत आंघोळीसाठी १०० लिटर गरम पाणी पुरतं. टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि ते ५५ अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर लागणारी उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे ४ युनिटं होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे आकाश बहुधा स्वच्छ असतं. दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या एका चौरस मीटरवर दिवसभरात ५ युनिटांच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं निम्म्याहून थोडं कमी पाण्यात उतरलं, तरी २ चौरस मीटरची काचेची पेटी हे काम पुरं करते. विजेचा चांगला पॅनल उन्हातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतो, त्यामुळे तेवढ्याच ४ युनिटांसाठी १ किलोवॉटचे पॅनल आणि त्यांना जवळपास ५ चौरस मीटर जागा लागते.

आता साठवणुकीकडे या, कारण अंगावर पाणी घ्यायचं असतं पहाटे आणि ऊन असतं दुपारी. घरोघरच्या इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिटं साठवते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी येतं ०.९ युनिट. ४ युनिटांसाठी अशा चार-पाच बॅटऱ्या हव्यात आणि त्या काही वर्षांत बदलाव्या लागतात. उलट ५० मिलिमीटर जाडीच्या पफचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचं, वेष्टण असलेली १०० लिटरची टाकी तीच ऊर्जा रात्रभर धरून ठेवते, सकाळी काही अंश उतरलेलं पाणी नळाला देते, आणि तिला ना ॲसिड लागतं ना चार्जर. गरम पाणी हवं असेल तर उष्णता साठवावी. वीज साठवून तिची पुन्हा उष्णता करणं हा लांबचा वळसा आहे.

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणेल, बॅटरी कशाला? दुपारी पॅनलची वीज थेट टाकीतल्या कॉइलला द्या. बरोबर आहे. छतावर पॅनल आधीच असतील आणि दुपारची वीज शिल्लक पडत असेल, तर मीही तेच सांगेन. पण मग १०० लिटरची वेष्टणाची टाकी त्यांनाही घ्यावी लागतेच. फरक उरतो तो एकीकडे ५ चौरस मीटर पॅनल, वायरिंग आणि नियंत्रक, दुसरीकडे २ चौरस मीटर काच आणि तांबं, एवढाच. ज्याच्याकडे पॅनल नाहीत त्याने नुसत्या पाण्यासाठी ते का घ्यावेत, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत दडून राहते. सूर्यघर योजनेतले पॅनल महावितरणच्या जाळ्याला जोडलेले असतात. बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेला तो इन्व्हर्टरही बंद पडतो. तसंच असायला हवं, नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर आपल्या छताची वीज जाईल. पण मग भर उन्हात पॅनल चमकत असतानाही गिझर थंडच राहतो. काचेच्या पेटीला वीज आली-गेली याचा पत्ताही नसतो.

गॅसचा हिशेबही सांगून टाकतो. शेगडीवरची ६० टक्के उष्णता पातेल्याला लागते असं धरलं, तर १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास अर्धा किलो गॅस जातो. म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर महिन्याभरात नुसत्या न्हाणीघरात संपतं. आणि लाकडावरच्या बंबाचा धूर किती बायकांच्या डोळ्यांत गेला, पहाटे उठून बंब पेटवण्याचं काम घरात कोणाच्या वाट्याला आलं, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. बाळंतिणीचं न्हाणं, तान्ह्या बाळाची आंघोळ, म्हाताऱ्या माणसांचे दुखरे सांधे, यांना पहाटेचं कढत पाणी लागतं. ती चैन नव्हे.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येतो, आणि इथे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण संभाजीनगरचं वेगळेपण इथेच आहे. "बाजारातला काचनळ्यांचा हीटर घ्या, तो स्वस्त आहे, जास्त तापतो," असं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुहेरी काचेच्या मधली हवा काढलेली असल्यामुळे आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि ढगाळ दिवशीही पाणी बऱ्यापैकी तापतं. पण या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. नाथसागर जलाशय जेमतेम पन्नास किलोमीटरवर असूनही गेली कित्येक वर्षं इथले लोक नळाची वाट बघत दिवस मोजतात. मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. छतावरची टाकी रिकामी होणं ही इथे नेहमीची घटना आहे. टाकी रिकामी झाली आणि काचनळ्या उन्हात कोरड्या राहिल्या, की त्यांचं तापमान २०० अंशांच्या वर जातं. तशात दुपारी टँकर आला, मोटर सुरू झाली आणि थंड पाणी त्या नळ्यांत शिरलं, की काच तडकते. एक नळी फुटली की तिच्यातून सगळी टाकी रिकामी होते. हा दोष काचनळीचा म्हणता येत नाही. रोज पाणी येणाऱ्या गावासाठी जे योग्य आहे ते आपण चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आणून बसवतो, हे चुकतं. तांब्याच्या नळ्यांची सपाट पेटीही कोरडी तापते, तिचं वेष्टण आणि रबरी पॅकिंग त्याने खराब होऊ शकतं, पण पाणी आल्यावर तांबं फुटत नाही.

दुसरं, पाणी जड आहे. बेसाल्टच्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी जितकं तापतं तितके ते पांढऱ्या थराच्या रूपात बाहेर पडतात आणि जिथे सगळ्यात जास्त ताप तिथेच बसतात. ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या एका काचनळीत अडीच लिटरांहून जास्त पाणी मावतं आणि तिचं खालचं टोक बंद असतं. क्षार त्या टोकाशी साठत जातात. साफ करायचं तर एकेक नळी रबरी रिंगमधून ओढून काढावी लागते, आणि त्यात एखादी फुटते. बहुतेक हमीपत्रांत पाण्यातल्या क्षारांची मर्यादा लिहिलेली असते. ग्राहकाने ते बारीक टाइपातलं पान वाचलेलं नसतं.

घरी बनवणाऱ्याला या दोन्हींवर तोड काढता येते, आणि म्हणूनच मी त्याच्या बाजूने उभा आहे. पेटीच्या वरच्या-खालच्या आडव्या हेडर पाइपांच्या टोकांना तो बंद टोपीऐवजी पितळी युनियन आणि प्लग लावतो. वर्षातून एकदा उघडतो, सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवतो, धुऊन काढतो. पाणी फारच जड असेल तर तो टाकीत तांब्याचं वेटोळं बसवतो. पेटी ते वेटोळं या बंद फेऱ्यात पावसाचं साठवलेलं पाणी भरतो, त्या फेऱ्याला फुगलेल्या पाण्यासाठी वर एक छोटी उघडी टाकी देतो, आणि वापराचं पाणी वेटोळ्याबाहेर तापतं. पेटीत क्षार जातच नाहीत. या फेऱ्याचा छतावरच्या टाकीशी संबंध नसल्यामुळे नळाला पाणी आलं नाही तरी पेटी भरलेलीच राहते. मोठ्या शीतगृहांत, कारखान्यांत हेच तत्त्व वापरतात. ते आपल्या न्हाणीघराच्या वर वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

ही विद्या नवीनही नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये पेटंट घेतलं ते काचेच्या पेटीत ठेवलेल्या काळ्या टाक्यांचं होतं. पाणी दुपारी छान तापायचं आणि रात्री निवायचं. कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने १९०९ मध्ये टाकी आणि तापवणाऱ्या नळ्या वेगळ्या केल्या, टाकी वर चढवून तिला वेष्टण दिलं, आणि सकाळी गरम पाणी मिळू लागलं. आज घरी बनणारा प्रत्येक सपाट पेटीचा हीटर त्याच मांडणीवर उभा आहे. शंभराहून जास्त वर्षं टिकलेल्या मांडणीला "हौशी खटपट" म्हणणं मला अज्ञान वाटतं. आपल्या शेजारच्या शिर्डीत २००९ पासून ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या उन्हाची वाफ करून साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाला देतात. त्यांच्या तुलनेत आंघोळीचं पाणी ही किती सोपी गोष्ट आहे!

सोपी आहे, पण ढिसाळपणे होणारी नाही. २० अंशांवरचं एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांवरचं ९८३ ग्रॅम. या १५ ग्रॅमच्या फरकावर सगळं अभिसरण चालतं: हलकं झालेलं पाणी पेटीतून वर टाकीत चढतं, जड पाणी खाली उतरतं. एवढ्या दुबळ्या ढकलण्याला पाइपातला एक उलटा उतार किंवा एक जास्तीचं वळणही अडवतं. गरम पाइप पेटीपासून टाकीपर्यंत सतत चढता हवा, नाही तर पाइपात हवा अडकते आणि पेटी उकळत असताना टाकी थंड राहते. टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच हवा, नाही तर रात्री फेरा उलटा फिरून पाणी थंड होतं. पेटीचा कल या शहराच्या २० अक्षांशात १५ मिळवून ३५ अंश धरावा, कारण आपल्याला हिवाळ्यातलं तिरपं ऊन पकडायचं आहे. मे महिन्यात छतावरच्या साध्या काळ्या टाकीतलं पाणीही अंगाला चटके देतं. मलिक अंबरच्या नहरीने डोंगराकडचं पाणी पंपाशिवाय, उताराच्या बळावर याच शहरात आणलं, ते पातळीचं गणित चोख होतं म्हणून. छतावर पाण्याची लेव्हल घेऊन पाइपाचा उतार तपासणारा माणूस तेच गणित करत असतो.

आता धोक्याचा आक्षेप. हा मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे आणि घरी बनवणारे काही जण त्याकडे काणाडोळा करतात. बंद टाकी तापवली तर दाब वाढतो आणि टाकी फुटू शकते. म्हणून टाकीच्या माथ्यावर उघडी हवेची नळी हवीच, ती थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवी, आणि तिच्यावर कोणताही व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा तांबं घ्यावं. पेटीतून निघणाऱ्या पाइपाच्या पहिल्या मीटरभरात तर तांबंच, कारण कोरड्या पेटीतून निघणारी वाफ सीपीव्हीसीलाही झेपत नाही. तांबं आणि जस्ताचा लोखंडी पाइप थेट जोडले तर लोखंड गंजतं. मध्ये पितळी जोड द्यावा. डाग देताना शिसं नसलेलं सोल्डर वापरावं. काच साधी नको, टफन्ड हवी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात पडलेल्या गारा ज्यांनी पाहिल्या, त्यांना कारण सांगायची गरज नाही. भरलेली टाकी, पेटी आणि स्टँड मिळून दोनशे किलोंच्या आसपास वजन होतं, म्हणून स्टँडचे पाय तुळईच्या वर यायला हवेत. बेगमपुऱ्यासारख्या जुन्या भागात माळवदाचं घर असेल तर छताचा विचार सोडून अंगणात ओट्यावर पेटी मांडावी. ६० अंशांचं पाणी लहान मुलाला भाजतं. विसण घालण्याची जुनी सवय मोडू नये आणि गरम नळ मुलांच्या हाताला येईल असा लावू नये. पाणी दिवसेंदिवस कोमट साचून राहिलं तर त्यात जंतू वाढतात, म्हणून ते वापरत राहावं, अधूनमधून ६० अंशांपर्यंत जाऊ द्यावं, आणि पिण्यासाठी घेऊ नये.

हे सगळं अवघड आहे का? जो गवंडी पायऱ्या सारख्या उंचीच्या काढतो, जो फिटर बोअरची लाइन टाकतो, त्याला यातलं काहीही अवघड नाही. धोका आहे म्हणून काम सोडून द्या, असं आपण गॅस शेगडीबद्दल म्हटलं नाही. ती कशी हाताळायची ते घरोघरी शिकवलं.

स्वस्ताईचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. तांबं महाग आहे, चांगलं स्टेनलेस स्टील महाग आहे. प्रामाणिकपणे बनवलेला घरचा हीटर तयार हीटरपेक्षा फार स्वस्त पडेलच असं नाही, आणि जे तसं सांगतात ते आपल्याच बाजूचं नुकसान करतात. फायदा दुसरीकडे आहे. आपण जोडलेली गोष्ट आपल्याला उघडता येते. कोणता सांधा कुठे आहे हे ठाऊक असतं, गळती लागली तर त्याच दिवशी बंद होते, सुटा भाग गुलमंडीच्या दुकानातून किंवा भंगारवाल्याकडून मिळतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींनी या शहराला आर्गन वेल्डिंग करणारे, पत्रा वाकवणारे, पितळी जोड लेथवर कातून देणारे हात दिले. एवढं कसब पायाशी असताना पाणी तापवायला परक्या कारागिराची वाट बघायची, ही मला या शहराच्या कामगारांवरची अविश्वासाची भावना वाटते. कारखान्याच्या मालाशी माझं वैर नाही. सुदर्शन सौरसारखी सोलर हीटरची कंपनी याच शहरात उभी राहिली, याचा मला अभिमान आहे. सपाट पेटीसाठी आयएस १२९३३ हे भारतीय मानक आहे आणि घरी बनवणाऱ्यानेही त्यातल्या काचेच्या, तांब्याच्या, वेष्टणाच्या अपेक्षा डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

"सामान्य माणसाला हे जमणार नाही" हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो नेमका याच समजाविरुद्ध. शाळेत मागे पडलेली खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी करत करत विज्ञान शिकली आणि आपापल्या गावात कामाला लागली. कलबाग स्वतः उद्योगातल्या संशोधनातून आलेले शास्त्रज्ञ होते. हातांनी शिकलेलं ज्ञान कमी प्रतीचं असतं, असं त्यांना कधी वाटलं नाही. माझी मागणी त्यांच्याच वाटेवरची आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतींवरच्या सौर उष्णजलाची तरतूद आहे. तिच्या जोडीला आपल्या आयटीआयमध्ये प्लंबर आणि वेल्डर शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीने एक सपाट पेटी, टाकी आणि स्टँडसह, उभी करून दाखवावी. ती वसतिगृहाच्या छतावर चढवावी. मुलं रोज तिच्या पाण्याने आंघोळ करतील तेव्हा दोष आपोआप कळतील आणि पुढची तुकडी ते दुरुस्त करील.

राहिला पावसाळा. ढगाळ आठवड्यात सपाट पेटी पाणी ५५ अंशांवर नेणार नाही, हे मान्य. पण २५ अंशांचं पाणी ३५ वर आणून ठेवेल. ते जुन्या तांब्याच्या बंबात ओतलं, तर अंगाला लागणाऱ्या ४२ अंशांपर्यंत जायला उरतात ७ अंश. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाण्यासाठी ही उष्णता ०.१६ युनिट होते. मूठभर काड्या आणि एक गोवरी तेवढं काम करतात. म्हणून माझं सांगणं आहे की घरातला बंब मोडीत घालू नका. त्याला पेटीच्या टाकीखाली, न्हाणीघराच्या दारात जागा द्या आणि टाकीचा गरम पाइप त्याच्यावरून आणा.